क्लॅटच्या मॉक टेस्टमध्ये स्कोअर अडकतो, तो नेमका कुठे?

डिसेंबर जवळ आला की क्लॅट देणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: इतक्या मॉक दिल्या, तरी स्कोअर तिथल्या तिथेच का? त्यावर 'अजून मॉक दे' हे उत्तरही हमखास येतं. त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरसह देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश याच परीक्षेवर होतात. २०२० पासून पेपर उताऱ्यांवर आधारित झाला. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून प्रश्न १५० वरून १२० वर आले, वेळ दोन तासच राहिला. म्हणजे मिनिटाला एक प्रश्न, असं वाटतं. पण तसं नाही.

खरा वेळ वाचण्यात जातो

एकेक उतारा साधारण ४५० शब्दांचा असतो. गणिताचे उतारे लहान धरले तरी पूर्ण पेपरमध्ये दहा हजारांच्या आसपास शब्द होतात. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्याची ५० मिनिटं नुसत्या उताऱ्यांत जातात आणि प्रत्येक प्रश्नाला ३५ सेकंद उरतात. मिनिटाला १२० शब्द वाचणाऱ्याकडे उरतात जेमतेम १८ सेकंद. त्यातच प्रश्न वाचायचा, पर्याय वाचायचे आणि ओएमआरवर गोल भरायचा.

पेपर फक्त इंग्रजीत असतो. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची तर्कशक्ती कमी पडण्याआधी वेळ संपतो. हा वेग मॉकची संख्या वाढवून येत नाही. रोज इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा आणि त्यातला मुद्दा दोन वाक्यांत लिहायचा, हे महिनोन्महिने करावं लागतं.

चूक वेगाची की समजण्याची?

हे ओळखायची पद्धत सोपी आहे, पण कंटाळवाणी. मॉक संपल्यावर उत्तरं न बघता तोच पेपर वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवायचा. आधी ६० आणि आता ८५ आले, तर अडचण वेगाची. दोन्ही वेळा साठीतच राहिले, तर घड्याळाला दोष देण्यात अर्थ नाही. कायद्याच्या विभागात तर एक चूक सर्रास होते: उताऱ्यात दिलेला नियम सोडून स्वतःला माहीत असलेला कायदा लावला जातो. तिथे उताऱ्यातला नियमच चालतो, तो पटो वा न पटो.

निगेटिव्ह मार्किंगची भीती किती खरी?

चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापले जातात, म्हणून अनेक जण प्रश्न कोरे सोडतात. आता १२ प्रश्न डोळे मिटून सोडवले असं समजा. चार पर्यायांच्या हिशेबाने सरासरी ३ बरोबर, ९ चूक. म्हणजे ३ वजा २.२५, तरीही पाऊण गुण हातात. प्रत्येकी दोन पर्याय बाद करता आले, तर तेच साडेचार होतात. नुकसान अंदाज बांधल्याने कमी आणि एकाच प्रश्नावर तीन मिनिटं अडून बसल्याने जास्त होतं. ज्या उताऱ्याचे पाच प्रश्न शेवटी वाचलेच गेले नाहीत, ते कदाचित सोपेही असतील.

महाराष्ट्राच्या लॉ सीईटीचं गणित वेगळं आहे. ती संगणकावर होते, मराठीतही देता येते आणि तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी क्लॅटच्या सवयीने सीईटीत प्रश्न कोरे ठेवले, तर तो निव्वळ तोटा आहे.