म्हाताऱ्या कुत्र्याचा हिशेब

कुत्रं पाळायचंच असेल तर पिल्लू आणावं, म्हातारं कुत्रं घरात घेणं म्हणजे पैसे मोजून सुतक विकत घेणं, असं एका निवृत्त सद्गृहस्थांचं मत आहे. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ते इतक्या वेळा आणि इतक्या वरच्या पट्टीत मांडलं गेलंय, की फेऱ्या मारणाऱ्या निम्म्या नाशिककरांचं ते आता पाठ झालं असेल. ऐकून घेणारे मान डोलावतात, म्हणून हा लेख.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. म्हातारं कुत्रं लळा लावत नाही. नवीन काही शिकत नाही. औषधांवर पैसा जातो. दोन-तीन वर्षांत ते मरतं. आणि मग त्याची माणसं फोटोला हार घालून बसतात, हा धर्माचाही अपमान. एवढ्यानं भागलं नाही तर ठेवणीतलं वाक्य येतं : आधी माणसांचं बघा!

हे शेवटचं आधी निकालात काढू. माणसांची ही कणव शेजाऱ्यानं कुत्र्यावर खर्च केला की नेमकी उफाळून येते. स्वतःच्या घरच्या लग्नात पाचवं पक्वान्न ठरत असताना ती कुठे असते कोण जाणे. औषधांचा खर्च होतो, मान्य. गुडघ्याच्या गोळ्या महागच असतात, कुत्र्याच्याही आणि गृहस्थांच्याही.

शिकण्याबद्दल मात्र सांगायला हवं. आमच्याकडे राणी आली ती तोंडावर पांढरे केस घेऊनच. तिच्या आधीच्या माणसांची बदली झाली होती आणि नव्या शहरातल्या फ्लॅटमध्ये तिला जागा नव्हती. गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय फाकायचे, म्हणून घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्या. दिवाणखान्याला लग्नाच्या जानवशाची कळा आली. सांध्यांची गोळी आम्ही लोण्याच्या गोळ्यात दडवून द्यायचो. सुरुवातीला ती गिळायची. मग तिनं कला आत्मसात केली : लोणी सगळं चाटून पुसून साफ आणि गोळी सतरंजीच्या कडेला, कोरडी, अखंड. पेढा झाला, पनीर झालं, केळं झालं; दर वेळी तोच निकाल. म्हातारं कुत्रं शिकत नाही म्हणणाऱ्यांना त्या गोळ्या दाखवायला हव्या होत्या.

आता गृहस्थांचा लाडका मुद्दा, आणि खरं तर माझाही : टिकणार किती? हा प्रश्न ते फ्रीजबद्दल विचारतात तसाच विचारतात. फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्याच नाशिक पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकातला स्पाइक 11 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाला. सजवलेल्या गाडीच्या बॉनेटवर बसवून, टाळ्या वाजवत त्याला निरोप दिला गेला. तो व्हिडिओ देशभर फिरला. गृहस्थांनीही पुढे ढकलला होता, खाली जोडलेल्या हातांसह. पण 11 वर्षं नोकरी केलेलं कुत्रं त्यांच्या हिशेबात म्हातारंच. त्यांचं शास्त्र सगळ्यांनी पाळलं तर टाळ्या थांबल्यावर त्याला बॉनेटवरून उतरवून न्यायचं कुठे? व्हिडिओ तिथे संपतो, कुत्र्याचं आयुष्य संपत नाही.

या प्रश्नाचं एक चोख उत्तर आपल्या लष्कराकडे बरीच वर्षं होतं. कामातून गेलेल्या कुत्र्याला इंजेक्शन. 2015 मध्ये माहिती अधिकारातून हे बाहेर आलं, तेव्हा लोक हळहळले, संतापले आणि धोरण बदलायची वेळ आली. मी म्हणतो, संतापले कशाला? ‘टिकणार किती’ या हिशेबाची बेरीज तिथेच येते. गृहस्थांना ती बेरीज मान्य नसेल, तर आकडे मांडतानाच विचार करायचा.

आणि ज्यांनी असा हिशेब मांडला नाही, त्यांचंही उदाहरण आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या पथकात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार कुत्रे होते. सीएसटी स्थानकात ठेवलेली स्फोटकं सीझरनं हुंगून काढली. निवृत्तीनंतर त्यांना विरारच्या एका शेतघरात आसरा मिळाला. 2016 या एकाच वर्षात चौघेही गेले, सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात. व्यवहार म्हणून पाहिलं तर निव्वळ तोटा. ज्यांनी त्यांना घरात घेतलं, त्यांना हे पहिल्या दिवशी कळत नव्हतं असं गृहस्थांना वाटतं काय?

राहता राहिला धर्म. रामकुंडावर कुत्र्याचा दशक्रिया विधी करा, असं माझंही म्हणणं नाही. पण श्राद्धाच्या पंचबलींत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात, तो काय उरलंसुरलं म्हणून? युधिष्ठिरानं स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडायला नकार दिला. ‘अहो, तो यमधर्म होता!’ असं गृहस्थ म्हणतील. होता, पण युधिष्ठिराला ते माहीत नव्हतं. तो कुत्र्यासाठीच अडून बसला होता, आणि ते पिल्लू होतं असं व्यासांनी कुठे लिहिलेलं नाही. (पांडवलेणीचा दाखला मात्र मी देणार नाही. ती बौद्ध लेणी आहेत, हे या शहरात किती वेळा सांगायचं!)

शिवाजी महाराजांचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाचा विषय काढला की गृहस्थ ‘पुरावा दाखवा’ म्हणतात. समकालीन पुरावा नाही, हे मलाही मान्य. 2012 साली रायगडावरून तो पुतळा हलवला गेला आणि काही दिवसांतच पुन्हा बसवला गेला, तेव्हापासून हा वाद मी इतक्यांशी घातलाय की आता दमलो. इतिहास इतिहासकारांनी ठरवावा. पण पुराव्याचीच हौस असेल, तर जंजीर घ्या. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून देणारा मुंबई पोलिसांचा हा लॅब्रॅडॉर 2000 साली हाडांच्या कर्करोगानं गेला. त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. तेव्हा धर्म बुडाल्याचं ऐकिवात नाही. बॉम्ब शोधले तरच शोक, आणि नुसतं दारात पडून राहिलं तर ‘नाटकं’, असा नियम असेल, तर बहुतेक माणसांच्याही शोकसभा रद्द कराव्या लागतील.

कुत्र्यांसाठी लावलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सबद्दल गृहस्थांचं थोडं मान्य करतो, ते ओंगळ दिसतात. तरी त्यांतल्या कुत्र्याच्या नावामागे ‘भावी नगरसेवक’ लिहिलेलं नसतं.

मग म्हातारं कुत्रं घ्यावं का? घ्यावं. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, रागीट की गरीब ते पहिल्या भेटीत कळतं. ते चपला कुरतडत नाही, शी-शूची शिस्त बहुधा आधीच्या घरानं लावलेली असते. दुपारी झोपतं. निवृत्त माणसाला तर त्याच्याइतका जोडीदार नाही, दोघांच्या फेरीची लांबी सारखीच. याहून मोठं तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही, आणि राणी गेल्यावर तिचा पट्टा खुंटीला का ठेवलाय याचं कारणही मी ट्रॅकवर देणार नाही.

गृहस्थ परवा म्हणत होते, नातवासाठी लॅबचं पिल्लू बुक केलंय. नातू चौथीत आहे. कुत्रं बारा वर्षं जगतं. आठ वर्षांनी नातू इंजिनिअरिंगला पुण्याला, सून-मुलगा नोकरीत, आणि घरात हे दोघं, एक ऐंशीच्या आसपासचे, दुसरं सांध्यांनी धरलेलं. तेव्हा त्या कुत्र्याचं वय किती असेल, ते त्यांनीच काढावं. हिशेबाची त्यांना आवड आहे.