शहाण्णव टक्के म्हणजे नक्की किती, बॉस?

भोसरी म्हटलं की काय आठवतं? नाशिक रोडचा ट्रॅफिक, एमआयडीसी आणि शिफ्टच्या बसेस, बरोबर? पण याच एमआयडीसीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. स्थापना १९९२, शॉर्टमध्ये ‘नारी’. आता नावात व्हायरॉलॉजीही आलंय, पण जुनी ओळख तीच. मास कॉमच्या मंडळींनो, हेल्थ रिपोर्टिंग शिकायचंय? मग या संस्थेने भाग घेतलेला एक अभ्यास प्रॅक्टिसला घ्या.

‘एचपीटीएन ०५२’ हा अभ्यास ९ देशांत झाला. १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकालाच एचआयव्ही. निम्म्यांना औषधं लगेच सुरू केली, बाकीच्यांना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रतिकारशक्ती घसरल्यावर. कंडोम आणि समुपदेशन सगळ्यांनाच. मे २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषधं घेतली, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी!

झालं, हेडिंग तयार. पण वाचणारा काय समजेल? १०० पैकी ९६ जोडीदार वाचले, चौघांना लागण झाली. साफ चूक! ९६ टक्के ही तुलना आहे. जोडीदाराकडूनच आल्याचं सिद्ध झालेल्या लागणी एकूण २८. उशिरा औषधं मिळालेल्या गटात २७, लवकरच्या गटात फक्त १. आता चित्र कसं स्वच्छ दिसतं!

म्हणून फंडा सिंपल आहे. टक्का दिसला की तीन प्रश्न विचारायचे. किती जणांत किती? कुणाच्या तुलनेत? आणि वाचणाऱ्याने काय करायचं?

तिसऱ्या प्रश्नावर बरीच कॉपी गळपटते. ‘एड्सवर औषध सापडलं’ असं छापलं, तर बरं वाटतंय म्हणून कुणीतरी गोळ्या बंद करेल. नुसतं भीतीदायक लिहिलं, तर कुणाचा तरी संसार मोडेल. २०१६ मध्ये याच अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष आले. औषधांनी व्हायरस सातत्याने दबलेला असताना जोडीदाराला त्याच्याकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. भारतात २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण आहे. सरकारी एआरटी केंद्रात औषधं फुकट मिळतात.

आता हेच शिफ्टच्या बसमधल्या दादांना सांगा. ‘दादा, गोळी रोज घ्या. तपासणीत व्हायरस दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून वहिनींना लागण होत नाही. पण रोग मुळापासून जात नाही. गोळी सोडली, तर व्हायरस परत वाढतो.’

यात टक्का नाही, जार्गन नाही आणि संशोधनाशी बेइमानीही नाही. असाइनमेंट सबमिट करण्याआधी एकदा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. त्याने ‘मग मी काय करू?’ विचारलं आणि उत्तर कॉपीत नसेल, तर परत लिहा. डेडलाइन उद्याची असली तरी!