काखेत कळसा, विंध्यापार वळसा

इंदूर तहानेने व्याकुळ झाले म्हणून नर्मदा विंध्य चढून वर आली, ही कथा इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यातून काही गाळले गेले असेल अशी शंकाही आता कोणास येत नाही. कथा खरी आहे. १९७० मध्ये इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले आणि त्याच दशकाच्या अखेरीस, खरगोण जिल्ह्यातील मंडलेश्वराजवळच्या जालूदहून सुमारे ७० किलोमीटर नळ टाकून, चारशे मीटरांहून अधिक उंची चढवून ते पाणी माळव्याच्या पठारावर आणण्यात आले. त्या आंदोलकांविषयी आम्हांस आदरच वाटतो. आमचे भांडण आहे ते पाणी आल्यावर सुखाने निद्रिस्त झालेल्या नगरपित्यांशी, आणि ‘पिण्याचे पाणी’ हा मंत्र म्हणून धरणांविषयीचा प्रत्येक प्रश्न गिळून टाकणाऱ्या राज्यकर्त्यांशी!

इंदुरापाशी स्वतःचे पाणी नव्हते काय? बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला ही होळकरी अमदानीतील तळी शहराच्या अंगणातच होती. १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर बांधण्यात आला. खान आणि सरस्वती या दोन नद्या तर भर वस्तीतून वाहत होत्या. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश पंडित दरबारच्या निमंत्रणावरून इंदुरास आला व १९१८ मध्ये त्याने नगररचनेचा अहवाल सादर केला. नद्या स्वच्छ राखा, त्यांचे काठ बागांनी सजवा, असे त्याचे आग्रहाचे सांगणे होते. परका माणूस शहराची नाडी ओळखून गेला. घरच्यांनी मात्र नद्यांची गटारे केली. ज्या नदीकाठी शहर वसले, त्या नदीलाच लोक ‘नाला’ म्हणू लागले! २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर ही स्थळे रामसर कराराच्या जागतिक यादीत गेली. पाखरांना या पाण्याची किंमत कळली होती, ती महापालिकेस कळावयास कागदावर परदेशी शिक्का उमटावा लागला.

हे लांबचे पाणी किती महाग पडते, याचा पुरावा महापालिकेनेच दिला आहे. पंपांच्या विजेचे बिल झेपेना, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये रोखे विकून २४४ कोटी रुपयांचे कर्ज उभारण्यात आले. कशासाठी, तर जालूदच्या पंपांकरिता ६० मेगावॉटचे सौर वीजकेंद्र उभारण्यासाठी. सौर विजेला आमचा विरोध नाही. पण घरची विहीर बुजवून शेजाऱ्याच्या विहिरीवर सोन्याचा रहाट बसविणाऱ्या गृहस्थास आपण शहाणा म्हणतो काय? आणि एवढे करून पाणी तरी कसे मिळाले? डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे मेली. वर्षानुवर्षे स्वच्छतेचा पहिला मान मिरविणाऱ्या शहरात! विंध्य ओलांडून आणलेले पाणी गोरगरिबांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन नासले.

आता नळाचे दुसरे टोक पाहा. जालूदच्या वरच्या अंगास ओंकारेश्वर आणि त्याहून वर इंदिरासागर ही धरणे आहेत. ती इंदुरासाठी बांधली नाहीत, वीज व सिंचन हे त्यांचे हेतू, हे आम्ही जाणतो. पण ऐन वैशाखात जालूदच्या पंपाशी येणारी नर्मदा याच धरणांच्या दारांतून सुटलेली असते. त्या इंदिरासागराखाली सुमारे अडीचशे गावे आणि हरसूद हे जुने शहर गेले. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी हरसूदच्या रहिवाशांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. २०१२ मध्ये ओंकारेश्वराच्या फुगवट्यात घोगलगावचे स्त्री-पुरुष जमिनीच्या बदल्यात जमीन मागत १७ दिवस पाण्यात उभे राहिले. पायांची कातडी सोलली, तेव्हा कोठे सरकारला पाझर फुटला. खुद्द जालूदही महेश्वर धरणाच्या बुडीत क्षेत्रात धरले गेले होते, आणि त्या धरणाच्या जागेवर १९९८ मध्ये हजारो लोकांनी ठाण मांडले. इंदूरचा नळ भरणाऱ्या गावाच्या कपाळी बुडणे लिहावे, यापरते कृतघ्नपण कोणते?

हीच नर्मदा पुढे सातपुड्याच्या कड्यांत शिरते. तेथे सरदार सरोवराखाली अक्राणी-अक्कलकुवा भागातील महाराष्ट्राची ३३ गावे आली. १९७९ च्या लवादाने २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची वाटणी केली, तीत महाराष्ट्राच्या पदरी पाव दशलक्ष पडले. डोंगरातला भिल्ल-पावरा बुडाला तो ‘तहानलेल्यांसाठी’, असे त्यास सांगण्यात आले. त्याची स्वतःची तहान कोणत्याही तक्त्यात मांडलेली नव्हती.

सीमाभागातील वाचकांस हे परके वाटू नये. आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या डोंगरात कळसा नाल्यावर कालवे खोदले गेले तेही पिण्याच्या पाण्याचेच नाव घेऊन. हुबळी-धारवाडच्या माणसालाही घसा आहे, हे आम्ही विसरत नाही. म्हादई लवादाने २०१८ मध्ये पाण्याचे आकडे ठरविले. पण आपली तळी आपण कशी राखली, हा प्रश्न मागणाऱ्या शहरास कोणी विचारला? बेळगावकरांनीही हा प्रश्न स्वतःस विचारावा. राकसकोपचे पाणी पुरेना म्हणून आपण हिडकलचे आणले, आणि गावातल्या विहिरी कचऱ्याने भरल्या.

इंदुरात आता नर्मदेच्या चौथ्या टप्प्याची भाषा चालू आहे. ही भाषा करणाऱ्या महापालिकेने आधी तीन हिशेब चव्हाट्यावर मांडावेत: नळांच्या गळतीत किती पाणी जाते, बिलावली ते यशवंतसागर या तळ्यांत किती गाळ साठला आहे, आणि भागीरथपुऱ्यासारख्या वस्त्यांतील जुने नळ केव्हा बदलणार. राज्य सरकारने चौथा मांडावा. हरसूद आणि घोगलगावच्या किती कुटुंबांना अद्याप जमीन मिळालेली नाही, त्यांची गाववार यादी द्यावी, आणि ती इंदूरच्या पाणीपट्टीच्या बिलामागे छापून घरोघर पाठवावी.