जुळलेल्या आकड्यांवरचा संशय
सीए झालेली मुलं विचारतात, फॉरेन्सिक अकाउंटिंगकडे वळू का? मी त्यांना २०१९ची पीएमसी बँक आठवायला सांगतो. एचडीआयएल या बांधकाम कंपनीची थकीत कर्जं झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचं तपासात समोर आलं. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. नेहमीच्या ऑडिटमध्ये नमुन्यादाखल नोंदी तपासतात. फॉरेन्सिकमध्ये मात्र जुळलेल्या आकड्यांवरही संशय घेऊन व्हाउचर, स्टेटमेंट, ईमेल ताडून पाहावे लागतात आणि अहवाल कोर्टात उलटतपासणीला टिकावा लागतो. सीएंची संस्था आयसीएआयचा सर्टिफिकेट कोर्स वाट दाखवेल, चिकाटी स्वतःचीच लागते. नुसत्या पगारासाठी येऊ नका. पण खोटी नोंद दिसली की चैन पडत नसेल, तर बेधडक या. ठेवीदारांना तुमची गरज आहे.