विलंबाला विमा नाही

आम्ही शिनोलीत कापड विकतो. द्राक्षांचा व्यापार आमचा नव्हे. पण जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तरच आमची उधारी वसूल होते. म्हणून न्हावा शेवा बंदरातून सुटलेल्या जहाजाची काळजी आम्हालाही करावी लागते.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हौथींनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. डिसेंबरात बड्या जहाज कंपन्यांनी सुवेझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपला जाणाऱ्या मालाला दहा ते पंधरा दिवस जादा लागू लागले, भाडेही चढले. पाठोपाठ जानेवारीत द्राक्षांचा हंगाम सुरू झाला.

कापडाची गाठ महिनाभर उशिरा पोचली तर व्याज बुडते, गाठ शाबूत राहते. द्राक्षाचे तसे नाही. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरमध्येही दिवस वाढले की देठ सुकतो, मणी गळतात.

विमा आहे, मग चिंता कसली, असे अनेकांना वाटते. इथेच घात होतो. सागरी मालविम्याच्या नेहमीच्या कलमांत युद्धाची जोखीम धरलेली नसते; तिचा हप्ता वेगळा भरावा लागतो. तो भरला तरी हल्ल्यात नष्ट झालेल्या मालाची भरपाई मिळते, निव्वळ उशिराने सडलेल्या मालाची नाही. आणि वाट बदलली की नाशवंत मालाचा घात करतो तो उशीरच.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या हजारो गाठी होत्या. आग गोदामांत पसरली. नुकसानभरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी खास वटहुकूम काढावा लागला. तेव्हा सरकार धावले; समुद्रात रखडलेल्या द्राक्षासाठी कोण धावणार?

बागेवर रोख भावाने माल दिला तर पुढची जोखीम निर्यातदाराची. पण माल पोचल्यावर पट्टी येईल, या बोलीवर दिला तर वाढीव भाडे आणि पडलेला भाव दोन्ही शेतकऱ्याच्या पट्टीतून जातात. आमच्या एका गिऱ्हाइकाने अशी पट्टी दुकानात आणून दाखवली. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेला तो भला माणूस निम्मे कापड बाजूला ठेवून गेला.

आमचे म्हणणे इतकेच : सौदा लेखी करा. मार्ग बदलला, भाडे वाढले तर बोजा कोणी किती उचलायचा, हे कंटेनर भरण्याआधी कागदावर आणा. सगळा माल एकाच पेठेच्या भरवशावर ठेवू नका. चांगल्या सालात नफ्याचा वाटा घेणाऱ्याने वाईट सालात तोट्याचाही वाटा उचलावा. व्यापारात न्याय म्हणतात तो हाच.