कापडाचा व्यापार आणि जोखमीची वाटणी

आरे कॉलनीच्या शेजारी अंधेरीत १९७३ साली ‘सीप्झ’ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभे राहिले. प्रारंभी तेथे केवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या मालाला प्रवेश होता; १९८७-८८ पासून जडजवाहिरांची भर पडली. नव्या धंद्यांना शासन अशा सवलती देत असतानाच, ज्या धंद्याने मुंबईला औद्योगिक नगरी बनविले तो कापडधंदा गिरणगावात मोडकळीस येत होता.

या ऱ्हासाचे खापर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपावर फोडण्याची प्रथा आहे. परंतु संपापूर्वीच अनेक गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती आणि विणकाम भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील यंत्रमागांकडे सरकले होते. तेथे मजुरी कमी होती आणि कायद्याची पकड सैल. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. धंद्याची जोखीम कामगाराच्या पदरी आली आणि जमिनीचा लाभ इतरांच्या.

जागतिक व्यापारातही हीच वाटणी दिसते. १९७४ च्या बहुधागा करारान्वये श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर कोटा बसविला. हेतू स्वतःच्या उद्योगाच्या संरक्षणाचा होता; पण त्यामुळे अनेक गरीब देशांना ठरावीक हिस्सा मिळत राहिला. १ जानेवारी २००५ रोजी कोटा संपला आणि खरेदीदार मोकळे झाले. मोठे कारखाने व युरोपातील करमुक्त प्रवेश यांच्या बळावर बांगलादेश पुढे गेला. आपल्याकडे तयार कपड्यांची शिलाई दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होती. ते आरक्षण २००० नंतर टप्प्याटप्प्याने उठले. मात्र बांगलादेशाच्या प्रगतीची किंमतही विसरता येत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. नमुना, किंमत आणि मुदत ठरविणारे परदेशात होते. इमारतीखाली सापडले ते शिवणारे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. कायद्याने शुल्क आयातदार भरतो. व्यवहारात मात्र तो निर्यातदाराकडे सूट मागतो, निर्यातदार कंत्राटदाराला दाबतो आणि कंत्राटदार शिवणाऱ्या बाईचा नगामागचा दर कापतो. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठविले. सूतगिरण्यांना दिलासा मिळाला. भावाचा दबाव विदर्भातील शेतकऱ्यावर आला. धाग्याच्या दोन्ही टोकांना असलेली माणसे अशी एकाच वेळी कात्रीत सापडतात.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. अशा करारांचे यश केवळ डॉलरांत मोजणे पुरेसे नाही. निर्यातीची सवलत घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने आपल्या कंत्राटदाराकडील कामगारांचीही भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा योजनेत नोंद करावी, ही अट सवलतीलाच जोडली पाहिजे. कापसाचे शुल्क उठवायचे, तर हमीभावाने खरेदीची तजवीज आधी हवी. यामुळे माल महागेल व मागणी परक्या देशात जाईल, असा आक्षेप येईल. परंतु परदेशी दुकानातील किमतीत शिलाईच्या मजुरीचा वाटा अगदीच थोडा असतो. त्या थोड्यातूनच काटकसर करण्याचे धोरण म्हणजे व्यापारनीती नव्हे. ती दुर्बळावर टाकलेली जबाबदारी आहे.