धूर निघाल्यावर बोंब मारणारा पहारेकरी

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या रविवारी दुपारी मांडव्याहून मुंबईला परत येत होतो. बोट तीस फुटी, शिडाची. मालक म्हणजे माझ्या मित्राचे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. अर्ध्या वाटेत वारा पडला, म्हणून काकांनी शिडं उतरवून इंजिन लावलं. मी खाली केबिनमध्ये चहाचं आधण ठेवत होतो. एकदम रबर जळल्याचा वास आला. आधी वाटलं, गॅसची नळी! शेगडी बंद केली, वास वाढतच होता. इंजिनवरची फळी उघडली तर आत धूर. एक्झॉस्टच्या होजला हात लावला आणि च्यायला, बोटं भाजली.

मी ओरडलो, "काका, इंजिन बंद करा!"

काका सुकाणूवरून, शांतपणे: "अरे का? काटा तर ऐंशीवरच आहे."

हे वाक्य आठवडाभर डोक्यात घुमतंय. काटा ऐंशीवर होता, म्हणजे अगदी नॉर्मल. बझर गप्प होता. आणि खाली होज जळत होती.

इंजिन बंद केलं, नांगर टाकला. नशिबाने आम्ही मोठ्या जहाजांच्या वाटेच्या बाहेर होतो. तिथे आत असतो, ओहोटी लागलेली आणि वारा नाही, तर आज हा लेख लिहिण्याऐवजी दुसरंच काही करत असतो. असो.

बोटीच्या पोटातल्या डिझेलला थंड कसं ठेवतात ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल. दोन वेगळी पाणी असतात. एक आतलं कूलंट, आपल्या गाडीतल्यासारखं, इंजिनमध्येच गोल गोल फिरणारं. दुसरं समुद्राचं. ते बोटीच्या तळाच्या वॉल्व्हमधून येतं, जाळीतून गाळलं जातं, रबरी पात्यांच्या इम्पेलरचा पंप ते ओढतो, हीट एक्स्चेंजरमध्ये ते कूलंटची उष्णता घेतं आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये धुरात मिसळतं. हे मिसळणं फार महत्त्वाचं. तीन-चारशे अंशांचा धूर तिथे क्षणात गार होतो, म्हणूनच पुढची नळी रबराची आणि मफलर प्लॅस्टिकचा चालतो.

आता समुद्राचं पाणी थांबलं तर? आमच्या बाबतीत तळाच्या भोकावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती, असा आमचा अंदाज आहे. अंदाज म्हणतो, कारण इंजिन बंद झाल्यावर ओढ संपते आणि पिशवी आपोआप निघून जाते. आरोपी फरार! मागे राहिला तो कोरडा फिरून फाटलेला इम्पेलर. सहातली चार पाती गायब. दोन पंपातच सापडली आणि दोन पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकली होती. ती शोधली नसती, तर नवा इम्पेलर बसवूनही पाणी कमीच आलं असतं.

आता खरा मुद्दा. इंजिनबरोबर जो अलार्म येतो तो बहुतेक वेळा आतल्या कूलंटचं तापमान बघतो. म्हणजे जे बिघडलं त्याच्यावर कोणाचंच लक्ष नाही, आणि त्याचा परिणाम ज्याच्यावर सगळ्यात शेवटी दिसणार त्याच्यावर पहारा!

कच्चा हिशोब करू. दीडशे किलो लोखंड आणि सहा लिटर कूलंट, मिळून एक अंश तापायला साधारण नव्वद किलोज्यूल लागतात. अर्ध्या लोडवर असं छोटं इंजिन कूलंटमध्ये धरा दहा किलोवॅट उष्णता टाकतं. ८० वरून अलार्मच्या ९५ पर्यंत जायला १३५ सेकंद. सव्वादोन मिनिटं! सगळं लोखंड एकदम तापत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ थोडा कमी लागेल. पण एसएई जे२००६ हे एक्झॉस्ट होजचं जे स्टँडर्ड आहे, त्यात पाणी पूर्ण बंद झाल्यावर होजने टिकायचं ते दोन मिनिटं. म्हणजे चांगली, नवी, स्टँडर्डवाली होज हार मानायच्या बेतात असते तेव्हा कुठे आपले पहारेकरीसाहेब डोळे चोळत उठणार. आणि काकांची होज नवी नव्हती.

बरं, ही फक्त पैशांची गोष्ट नाही. फाटलेल्या होजमधून धूर आणि विषारी वायू कुठे जातो? केबिनमध्ये, जिथे कोणीतरी दुपारची झोप काढत असतं. आणि पिशवी सुटून पंप परत चालू झाला तर तेच पाणी बाहेर पडायचं सोडून बोटीच्या पोटात भरायला लागतं.

अजून एक गंमत. कूलंटच गळून गेलं तर सेन्सर कोरडा लटकतो. भोवती द्रव नाही म्हटल्यावर तो चक्क कमी तापमान दाखवू शकतो. इंजिन मरायला टेकलंय आणि डॅशबोर्ड हिरवा! आयटीत काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

आमच्याकडे रात्री ऑन-कॉल असताना पहिला धडा हाच मिळतो: सर्व्हर कोसळल्यावर येणाऱ्या अलर्टला अलर्ट म्हणत नाहीत, त्याला बातमी म्हणतात. डिस्क भरल्यावर नाही, भरायला लागल्यावर फोन वाजला पाहिजे. इथे "भरायला लागणं" म्हणजे एक्झॉस्ट होज तापणं. पाणी थांबल्यावर काही सेकंदांत ती तापायला लागते. एल्बोच्या लगेच पुढे, होजला बाहेरून क्लॅम्पने एक तापमानाचा सेन्सर बांधा, त्याला एक बझर जोडा, झालं! आपल्या बोटीवर अर्धा तास इंजिन चालवून नेहमीचं तापमान बघा. साधारणपणे हात ठेवता येईल इतपतच होज गरम असते. त्याच्या वीसेक अंश वर बझर लावा.

तयार अलार्म विकत मिळतात. स्वतः करायचा असेल तर डीएस१८बी२० हा सेन्सर शेदोनशे रुपयांत मिळतो आणि १२५ अंशांपर्यंत मोजतो. फक्त एक विनंती. त्याचा ग्राफ मोबाईलवर दाखवणारं ॲप लिहून समाधान मानू नका. सुकाणूवरचा माणूस मोबाईल बघत नसतो, आणि बघू नये. कान फाटेल असा बझर हवा. आणि वायर तुटली की नेहमीची लायब्ररी -१२७ देते, ते "थंड आहे" समजून सोडून देऊ नका. सेन्सर गप्प झाला तर तोही अलार्मच!

मांडव्याच्या एका नाखव्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "सायेब, मागं वाकून पानी पडतंय का बगायचं. आवाज बदलला का कानाला कळतं." खरं आहे त्याचं. कोरडा एक्झॉस्ट पोकळ, मोठा वाजतो. पांढरी वाफ दिसते. त्याला कळेल, कारण तो रोज समुद्रावर असतो. आपण महिन्यातून दोन रविवार जाणारे लोक. पावसात, अंधारात, गप्पा रंगलेल्या असताना कोण वाकून बघतंय? त्याच्या कानाला माझा विरोध नाही. तो कान नसलेल्या आपल्यासारख्यांना अलार्मशिवाय पाठवण्याला आहे.

दुसरा आक्षेप: उगाच वाजत राहील आणि लोक वायर काढून टाकतील. वाजेल, मर्यादा मूर्खासारखी ठेवली तर. ती मोजून ठेवायची असते, म्हणून तर अर्धा तास इंजिन चालवायला सांगितलं.

लाखो रुपयांच्या इंजिनबरोबर हा एवढासा सेन्सर मुळातच का देत नाहीत, हे मला समजत नाही. आणि काटा आहे ना, मग झालं, असं म्हणून आपण तो मागत का नाही, हे त्याहून समजत नाही.

जाता जाता एक काम. बोट असेल तर येत्या शनिवारी हे करा. किल्ली ऑन केली की तेलाच्या दाबाचा दिवा आणि बझर लागतो, आणि आपण खूश होतो की सगळे अलार्म चालू आहेत. बऱ्याच पॅनलवर तापमानाचा दिवा तेव्हा लागतच नाही, म्हणजे त्याची चाचणी कधी होतच नाही. इंजिन बंद, किल्ली ऑन, आणि तापमानाच्या अलार्म स्विचची वायर काढून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लागला पाहिजे.

आम्ही काल काकांच्या बोटीवर हे केलं. दिवा लागला नाही. वायरचं टोक खाऱ्या हवेने हिरवं होऊन तुटलं होतं, कधी ते देव जाणे. म्हणजे त्या रविवारी मी चहा करायला खाली गेलो नसतो, तर सव्वादोन मिनिटांनीच काय, दहा मिनिटांनीही कोणी बोंब मारली नसती.

काकांनी दोन बझर मागवलेत. एक त्यांच्यासाठी, एक शेजारच्या बोटीसाठी.